रेडिओचं तंत्र आणि त्याचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने रेडिओ दुरुस्त करतो म्हटल्यावर लोक रेडिओ घेऊन येतात आणि सोबत प्रश्नही आणतात. त्यातले बरेचसे प्रश्न तेच ते असतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे पुढे. जी गोष्ट एका उत्तरात आली ती दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेडिओचा शोध नक्की कोणी लावला? मार्कोनीने की जगदीशचंद्र बोस यांनी?

एकाच माणसाचं नाव सांगता येत नाही. रेडिओच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय, लहरी असायला हव्यात हे मॅक्सवेलने १८६५ मध्ये गणिताने मांडलं. हर्ट्झने १८८७-८८ मध्ये त्या प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. १८९५ च्या सुमारास बोस यांनी कलकत्त्यात या लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. त्यांच्या लहरींची लांबी अवघी काही मिलिमीटर होती आणि त्या काळी एवढ्या आखूड लहरींवर काम करणं फार अवघड होतं. लहरी टिपायला त्यांनी गॅलेना हा शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. पुढे घरोघरी जे क्रिस्टल सेट आले, ते याच जातीच्या स्फटिकावर चालायचे.

मार्कोनीचं श्रेय वेगळं आहे. त्याने १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, एरियल उंच केली, यंत्राची एक तार जमिनीला जोडली, अंतर वाढवत नेलं आणि १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधल्या पोल्धूहून निघालेला संकेत अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला ऐकल्याचं जाहीर केलं. बोस यांना या विद्येचा धंदा करायचा नव्हता, मार्कोनीला करायचा होता. माझ्या मते दोघांची तुलना लावण्यापेक्षा बोस यांचा स्फटिक समजून घेणं जास्त मोलाचं आहे, कारण आजच्या सेमीकंडक्टरच्या कुळात तो अगदी वरच्या पिढीत येतो.

२. मग मार्कोनीच्या यंत्रावर बोलणं किंवा गाणं का ऐकू येत नव्हतं?

कारण ते यंत्र ठिणग्यांवर चालायचं. प्रत्येक ठिणगीतून लहरींचा एक झटका निघतो आणि लगेच विरतो. अशा झटक्यांनी टिंब-रेघेचा मोर्स संदेश पाठवता येतो, पण माणसाचा आवाज त्यावर बसत नाही. आवाज बसवायला अखंड, एकसारखी लहर लागते. फेसेंडेनने डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रँट रॉक इथून अतिवेगाने फिरणाऱ्या जनित्राच्या साहाय्याने अशा लहरीवर आवाज पाठवून दाखवला.

खरी वाट मोकळी केली ती व्हॉल्व्हने, म्हणजे आतली हवा काढलेल्या काचेच्या नळीने. फ्लेमिंगचा दोन टोकांचा व्हॉल्व्ह १९०४ चा. डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात तिसरं टोक, म्हणजे जाळी घातली. या तिसऱ्या टोकामुळे दुबळा संकेत मोठा करता येऊ लागला, आणि काही वर्षांतच लक्षात आलं की हाच व्हॉल्व्ह अखंड लहर निर्माणही करू शकतो. त्यानंतर ट्रान्समीटर आटोक्यातल्या खर्चात बनू लागले. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल ऐकवले. एकाने बोलायचं आणि ज्याच्याकडे सेट असेल त्याने ऐकायचं, ही प्रसारणाची कल्पना तिथून जगभर रुजली.

३. मुंबईतलं पहिलं प्रसारण १९२३ चं की १९२७ चं?

दोन्ही बरोबर आहेत. जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने हौशी पातळीवर प्रसारण केलं. नियमित केंद्र मात्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं. त्याचं उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. ट्रान्समीटर अवघा दीड किलोवॅटचा होता. महिन्याभराने, २६ ऑगस्टला, कलकत्त्याचं केंद्र सुरू झालं.

कंपनी तीन वर्षंही टिकली नाही. सेट महाग, ते घेणारे थोडे, आणि उत्पन्नाचा मुख्य आधार म्हणजे परवान्याचे वर्षाला १० रुपये (प्रश्न ८ पाहा). १९३० मध्ये ती बुडाल्यावर सरकारने केंद्रं ताब्यात घेतली. ८ जून १९३६ रोजी ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. ‘आकाशवाणी’ हे नाव त्याआधीचं, म्हैसूरच्या एम. व्ही. गोपालस्वामी यांच्या केंद्राचं. सरकारी प्रसारणाने ते पुढे उचललं. नागपूर केंद्र १९४८ चं आणि पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं.

४. एएम म्हणजेच मीडियम वेव्ह ना?

नाही. एएम ही आवाज लहरीवर बसवण्याची पद्धत आहे आणि मीडियम वेव्ह हा लहरींचा पट्टा आहे. एएममध्ये आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते, एफएममध्ये उंची तीच राहते आणि कंप्रता (लहर सेकंदाला किती वेळा वरखाली होते तो आकडा) बदलते. मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह दोन्हींवर पिढ्यानपिढ्या एएमच वापरात होतं, म्हणून गोंधळ होतो. लहरीची लांबी काढायची असेल तर ३,००,००० ला किलोहर्ट्झच्या आकड्याने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. पुण्याच्या ७९२ ची लहर जवळपास ३७९ मीटर लांब. एफएमची १०० मेगाहर्ट्झची लहर फक्त ३ मीटर. पोहोच आणि स्पष्टता यांतला बहुतेक फरक या लांबीतून येतो. त्याचे परिणाम प्रश्न ६ आणि ११ मध्ये दिसतील.

५. मुंबई ५५८ आणि १०४४, पुणे ७९२, सांगली १२५१, रत्नागिरी ११४३. असे विचित्र आकडे का? सरळ ८०० का नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. यातल्या कुठल्याही संख्येच्या अंकांची बेरीज करा. ७+९+२ म्हणजे १८. १+२+५+१ म्हणजे ९. परभणीचं १३०५ घ्या, १+३+०+५ पुन्हा ९. या सगळ्या नऊच्या पाढ्यातल्या संख्या आहेत.

शेजारच्या देशांच्या केंद्रांनी एकमेकांवर चढू नये म्हणून १९७५ मध्ये जिनिव्हाला करार झाला आणि नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मीडियम वेव्हची केंद्रं बरोबर ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसवली गेली. ८०० ला ९ ने भाग जात नाही, म्हणून ८०० वर आपल्याकडे केंद्र नाही. अमेरिकेने पायरी १० ची ठेवली आणि त्याचा त्रास आजही होतो (प्रश्न १३ पाहा). १९७८ च्या आधीच्या सेटच्या काचेवर केंद्रांची नावं छापलेली असतील आणि काटा नेमका तिथे लागत नसेल, तर सेट बिघडला असं लगेच समजू नका. केंद्रंच थोडी सरकली आहेत.

६. रात्री मीडियम वेव्हवर परप्रांतातली स्टेशनं कशी लागतात? दिवसा ती कुठे जातात?

दिवसा मीडियम वेव्हची लहर जमिनीलगत पसरते. वर गेलेला भाग जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटरवरच्या थरात शोषला जातो. हा थर उन्हावर जगतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहर त्याच्याही वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरते. म्हणून संध्याकाळी साडेसात-आठनंतर डायलवर गुजराती, कन्नड, तेलुगू, उर्दू अशी एकदम गर्दी होते. आवाज लाटेसारखा वरखाली होतो, कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात.

जमिनीलगतच्या लहरीसाठी खालचा पृष्ठभाग किती वीजवाहक आहे याला महत्त्व असतं. समुद्राचं खारं पाणी सगळ्यात चांगलं, ओल धरणारी चिकण माती त्यानंतर, कोरडा खडक वाईट. किनाऱ्यावर दूरचं केंद्र चांगलं लागतं आणि तेवढ्याच अंतरावर घाटमाथ्यावर ते क्षीण होतं, त्यामागे हेही कारण असतं.

७. व्हॉल्व्हचा रेडिओ लावल्यावर आवाज यायला वेळ का लागायचा? आणि खेड्यात वीज नव्हती तेव्हा रेडिओ चालायचे कसे?

व्हॉल्व्हच्या आत एक तापणारी तार असते. ती लाल झाल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. बटण फिरवलं की आधी डायलचा दिवा लागायचा, मग मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून नारिंगी उजेड दिसायचा, धुळीचा तापल्याचा वास यायचा आणि अर्ध्या मिनिटाने आवाज हळूहळू वर यायचा. भिंतीवर तांब्याच्या जाळीची पट्टी टांगलेली असायची, ती एरियल.

वीज नसलेल्या ठिकाणी बॅटरीचे व्हॉल्व्ह सेट होते. त्यांना तार तापवायला दीड व्होल्टची आणि बाकी कामासाठी ९० व्होल्टची अशी दुहेरी बॅटरी लागायची. ती जड आणि महाग असल्यामुळे गावात एक सार्वजनिक सेट असायचा. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांसाठी शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, एकूण २०. लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. श्रोत्याला उलट बोलता येईल अशी ही सोय होती, आणि आपल्या प्रसारणाच्या इतिहासात तिची आठवण फार कमी काढली जाते याचं मला वाईट वाटतं.

बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये तयार झालेल्या ट्रान्झिस्टरने ही अडचण संपवली. १९५४ मध्ये अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला आला. तापायची तार गेली, ९० व्होल्टची बॅटरी गेली, टॉर्चच्या सेलवर काम भागलं. रेडिओ शेताच्या बांधावर गेला तो तेव्हा. लोकांनी सेटलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणायला सुरुवात केली.

८. रेडिओ ऐकायला खरंच लायसन्स लागायचं?

हो. १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार सेट बाळगायला परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. परवान्याच्या पुस्तिकेत दरवर्षी नूतनीकरणाची नोंद व्हायची. १९८० च्या दशकात ही पद्धत संपली. जुन्या सेटसोबत अशी पुस्तिका सापडली तर फेकू नका. सेट कोणत्या साली घेतला हे ठरवायला तिच्याइतका पक्का पुरावा नाही.

९. रेडिओ सिलोन विदर्भात मुंबईपेक्षा स्वच्छ कसा यायचा?

शॉर्ट वेव्हमुळे. मुंबईची मीडियम वेव्ह दिवसा जमिनीलगत जाता जाता वाटेतच थकायची. कोलंबोची शॉर्ट वेव्ह वर जाऊन, आयनांच्या थरावरून परतून सुमारे दीड हजार किलोमीटरवर नागपूरकडे उतरायची. मधल्या प्रदेशाशी तिला देणंघेणं नव्हतं. शिवाय तिथला ट्रान्समीटर दणकट होता. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या फौजांसाठी उभारलेली ती यंत्रणा युद्धानंतर सिलोनच्या वाट्याला आली.

१९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ बंद झाली आणि श्रोते डायलवर २५ आणि ४१ मीटरकडे वळले. त्याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, आणि सुरुवातीला तीही मुंबई-मद्रासच्या शॉर्ट वेव्ह ट्रान्समीटरवरूनच. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथे तिच्यावर जाहिराती आल्या.

१०. १९४२ चा मुंबईतला काँग्रेस रेडिओ गुप्त होता, तर पोलीस तिथवर पोहोचले कसे?

उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेलं हे केंद्र ४२.३४ मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या जरा वर बोलायचं. शॉर्ट वेव्ह निवडण्यात शहाणपण होतं: लहान ट्रान्समीटरचाही आवाज लांब जातो. धोका जवळ असतो. एकाच जागेवरून रोज प्रसारण केलं तर दिशा शोधता येते, म्हणून त्यांनी जागा पुन्हा पुन्हा बदलल्या.

दिशा कशी शोधतात हे घरी करून बघता येईल. साधा ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर जवळचं केंद्र लावा आणि सेट आडवा धरून सावकाश गोल फिरवा. एका जागी आवाज एकदम बसतो. त्या वेळी आतल्या फेराइटच्या कांडीचं, म्हणजे सेटच्या आतल्या एरियलचं, टोक केंद्राकडे असतं. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून अशा दोन रेघा नकाशावर ओढल्या की जिथे छेदतात तिथे ट्रान्समीटर. काँग्रेस रेडिओच्या बाबतीत मात्र पाळतीइतकाच घात आतून झाला; शेवटचा पत्ता एका तंत्रज्ञाकडून पोलिसांना मिळाला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी उषाताई प्रसारण चालू असताना पकडल्या गेल्या. तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या.

११. एफएमवर वीज कडाडली तरी खरखर येत नाही. का?

विजेचा कडकडाट, मोटारीची ठिणगी हे सगळं लहरीची उंची बिघडवतं. एएममध्ये आवाज उंचीतच भरलेला असतो, त्यामुळे खरखर आवाजात मिसळते आणि वेगळी काढता येत नाही. एफएमचा सेट लहरीचे शेंडे सरळ छाटून टाकतो. शेंड्यांबरोबर खरखर जाते, आणि कंप्रतेत ठेवलेला आवाज शाबूत राहतो. याची किंमत जागेत मोजावी लागते. मीडियम वेव्हवर एका केंद्राला ९ किलोहर्ट्झ पुरतात, एफएमला सुमारे २००. एवढी जागा फक्त वरच्या कंप्रतांवर मिळते.

हे काम एडविन आर्मस्ट्राँगचं. पेटंट १९३३ चं. प्रश्न १२ मधलं सुपरहेटही त्याचंच. युद्धानंतर अमेरिकेत एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर हलवला गेला आणि आधी विकलेले सेट निकामी झाले. पेटंटच्या खटल्यांनी खचलेल्या आर्मस्ट्राँगने १९५४ मध्ये आत्महत्या केली. त्याची पत्नी मॅरियनने खटले पुढे चालवले आणि जिंकले. भारतात एफएम २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला आलं. मुंबई केंद्राला त्याच दिवशी बरोबर ५० वर्षं झाली होती.

एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते. डोंगराआडच्या गावात ती पोहोचत नाही आणि पलीकडच्या वाडीत खणखणीत लागते, यात तुमच्या सेटचा दोष नाही. ट्रान्समीटर उंचावर लागतो. सिंहगडावर प्रसारणाचा टॉवर आहे तो त्यासाठीच.

१२. एकच स्टेशन डायलवर दोन ठिकाणी लागतं. सेट खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. १९१८ पासूनची सुपरहेट पद्धत अशी: सेट आत स्वतःची एक लहर तयार करतो, ती आलेल्या लहरीत मिसळतो आणि दोघींतला फरक नेहमी ४५५ किलोहर्ट्झ राहील असं बघतो. ७९२ ऐकताना आतली लहर १२४७ ची असते. कुठलंही केंद्र लावा, पुढचं सगळं काम ४५५ वरच होतं, म्हणून सेट इतका नेमका असतो.

पण आतल्या लहरीच्या वर ४५५ अंतरावर असलेलं केंद्रही तोच फरक देतं. त्यामुळे जबरदस्त केंद्र आपल्या जागेच्या ९१० खालीही डोकावतं. नागपूरचा १५६६ वरचा १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर चालू असताना त्याची अशी सावली ६५६ वर पडायची. रात्री त्या भागात कोणी ६५७ वर कोलकाता ऐकायला बसलं तर गाण्यात बारीक शिट्टी यायची, कारण दोन्हींत १ किलोहर्ट्झचा फरक राहायचा. एरियल लहान करून बघा. सावली गेली तर सेट ठीक आहे.

१३. मुलाने अमेरिकेहून चांगला डिजिटल रेडिओ आणला, पण आपली स्टेशनं नीट लागत नाहीत.

तो रेडिओ १० च्या पायऱ्या चढतो: ७९०, ८००. ७९२ त्याला सापडतच नाही. बहुतेक सेटमध्ये ९/१० अशी निवड मेनूत किंवा मागच्या बारीक बटणात असते, ती ९ वर करा. एफएमवरही काही अमेरिकन सेट फक्त विषम दशांश घेतात: ९८.३ लागेल, पुण्याचं १०१.० लागणार नाही. आवाज किंचित दबका वाटला तर तेही बरोबर आहे. अमेरिकेत प्रसारणात तीव्र स्वर जास्त उचलतात आणि सेट ते तेवढेच खाली आणतो, आपल्याकडे उचल कमी असते. जपानी सेटचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्यांचा ९० लाच संपतो. त्यावर आपली बहुतेक केंद्रं येणार नाहीत आणि त्याला घरगुती उपाय नाही.

१४. मोबाइलवर एफएम ऐकायला हेडफोन का लावावा लागतो?

हेडफोनची वायर हीच एरियल असते. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांश ७५ सेंटिमीटर येतो, वायर साधारण त्याच मापाची असते. बिनतारी हेडफोनने हे काम होत नाही.

१५. पूर्वी दिवसभर स्वच्छ लागणाऱ्या केंद्रावर आता घरात नुसता भुंगा ऐकू येतो.

एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते आणि त्याचा गोंगाट मीडियम वेव्हवर पसरतो. घराचा मेन स्विच बंद करून सेलवरच्या रेडिओने ऐका. भुंगा गेला तर एकेक वस्तू लावत जा, दोषी वस्तू सापडेल. सेट फिरवूनही फरक पडतो (प्रश्न १०).

१६. डीआरएम म्हणजे काय? ते माझ्या जुन्या रेडिओवर ऐकता येईल?

डिजिटल रेडिओ मोंडिएल, म्हणजे मीडियम आणि शॉर्ट वेव्हवरचं डिजिटल प्रसारण. एकाच ट्रान्समीटरवरून दोन कार्यक्रम आणि मजकूर पाठवता येतो, आवाज एफएमच्या जवळ जातो. आकाशवाणीने तीसहून अधिक मीडियम वेव्ह ट्रान्समीटर यासाठी सज्ज केले आहेत. जुन्या सेटवर मात्र तो संकेत एकसुरी फसफस म्हणून ऐकू येतो. काही नव्या मोटारींत हा रेडिओ आहे, पण हातात धरायचा स्वस्त सेट सहज मिळत नाही, आणि सगळी अडचण तिथे आहे. दुसरा फरक असा की साधं प्रसारण क्षीण होत होत जातं आणि खरखरीतूनही शब्द कळतात. डिजिटल आवाज एकदम तुटतो. वादळाची सूचना ऐकणाऱ्या मच्छीमाराला क्षीण आवाज चालतो, तुटलेला चालत नाही. म्हणून गावोगावी डिजिटल सेट पोहोचेपर्यंत जुनं प्रसारण बंद करू नये, असं मला ठामपणे वाटतं. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम बंद केलं, पण तिथे डिजिटल सेट आधीच घरोघरी गेले होते.

१७. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर आहे. प्लग लावून बघू का?

थेट लावू नका. पन्नास-साठ वर्षांत आतले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) गळके होतात. वीज दिली की ते तापतात, कधी फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मर जाळतात. मागची व्होल्टेजची पट्टी आधी बघा. ११० वर ठेवलेली असेल तर आपल्या विजेवर सेट क्षणात जाईल. काही सेटवर ‘एसी/डीसी’ लिहिलेलं असतं. त्यांच्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि लोखंडी सांगाड्यात मेनची वीज उतरू शकते. अशा सेटची बटणाची टोपी निघालेली असेल तर उघड्या दांडीला हात लावू नका.

आधी प्लग न लावता धूळ ब्रशने झाडा, डायलची दोरी तुटली आहे का बघा, उंदराने वायर कुरतडली आहे का बघा. मग व्हॉल्व्हवर काम केलेल्या माणसाकडे न्या. तो ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब मालिकेत जोडून सेटला पहिल्यांदा वीज देईल. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं.